कर्करोगावर सूक्ष्म कणांचा मारा : आशा किती, वास्तव किती?

औषध तेच, पण त्याला वेगळा अंगरखा चढवला की त्याची शरीरातली वाट बदलते. कर्करोगाच्या उपचारात गेली तीस वर्षे वापरल्या जाणाऱ्या या युक्तीमुळे रुग्णांना नेमके काय मिळाले आणि काय मिळायचे बाकी आहे?

कर्करोगाच्या वॉर्डात एक औषध त्याच्या रंगावरूनच ओळखले जाते. सलाइनच्या नळीतून ते लालभडक थेंबांनी उतरू लागले की रुग्णाच्या नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. परदेशात तर रुग्णांनी त्याला ‘लाल सैतान’ असेच टोपणनाव ठेवले आहे. या औषधाचे खरे नाव डॉक्सोरुबिसिन. १९६०च्या दशकात इटलीतील संशोधकांनी मातीत सापडणाऱ्या एका जिवाणूपासून ते मिळवले. स्तनाचा, अंडाशयाचा, रक्ताचा अशा अनेक कर्करोगांवर ते आजही वापरले जाते.

औषध गुणकारी आहे यात शंका नाही. पण सुक्याबरोबर ओलेही जळते, तशी त्याची गत आहे. वेगाने वाढणारी पेशी दिसली की ते तिच्यावर तुटून पडते. ती पेशी गाठीतली आहे की केसाच्या मुळातली, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. म्हणून केस गळतात, तोंड सोलून निघते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. सर्वांत गंभीर म्हणजे हे औषध हृदयाच्या स्नायूंना इजा करते. त्यामुळे एका माणसाला आयुष्यभरात ते किती द्यायचे याची मर्यादा ठरलेली आहे. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणजे औषध लागू पडत असूनही डॉक्टरांना हात आखडता घ्यावा लागतो.

मग मनात सहज प्रश्न येतो, हे औषध फक्त गाठीतच नेऊन सोडता येणार नाही का? या एका प्रश्नापायी जगातल्या अनेक प्रयोगशाळांनी गेली पन्नास वर्षे घालवली आहेत. त्यांनी शोधलेला मार्ग म्हणजे औषध अतिसूक्ष्म कणांत भरायचे आणि त्या कणांचा पृष्ठभाग असा बदलायचा की शरीराने त्यांना वाटेतच अडवू नये.

केसाच्या हजाराव्या भागाएवढा

या कणांना ‘नॅनो कण’ म्हणतात. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला एक केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. रक्तातील तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची असते आणि औषध वाहून नेणारा कण असतो सुमारे शंभर नॅनोमीटरचा.

हे माप असेच निवडलेले नाही. पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीवाटे निघून जातात. दोनशे नॅनोमीटरच्या पुढचे कण प्लीहेच्या चाळणीत अडकू लागतात. या दोहोंच्या मधल्या कणाला रक्तात फिरायला वाव मिळतो.

या मापाचा आणखी एक फायदा जपानमध्ये लक्षात आला. १९८६ साली कुमामोतो येथील हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांनी दाखवले की कर्करोगाच्या गाठीतील रक्तवाहिन्या घाईघाईने बांधलेल्या घरासारख्या असतात. त्यांच्या भिंतींना फटी राहतात. निरोगी रक्तवाहिनीतून जे मोठे कण बाहेर पडू शकत नाहीत, ते या फटींतून गाठीत झिरपतात. शिवाय गाठीत निचऱ्याची व्यवस्था धड नसल्याने आत शिरलेला कण तिथेच रेंगाळतो. संशोधकांना हवी होती तशी वाट सापडली. पण त्या वाटेपर्यंत कण पोहोचायला तर हवा!

रक्तात शिरताच पकडला जातो

अडचण इथेच होती. कोणताही परका कण रक्तात शिरला की काही क्षणांत रक्तातील प्रथिने त्याच्या अंगाला चिकटतात. या प्रथिनांपैकी काहींना ‘ऑप्सोनिन’ म्हणतात. हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ आपल्या ‘तोंडी लावणे’ या शब्दाच्या अगदी जवळचा आहे. नाव समर्पक आहे. चटणी लावली की भाकरी रुचकर लागावी, तशी ही प्रथिने चिकटली की यकृतातील आणि प्लीहेतील भक्षक पेशी तो कण मिटक्या मारत गिळून टाकतात.

इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात स्निग्ध द्रव्यांचे सूक्ष्म फुगे शोधून काढले होते. या फुग्यांना ‘लिपोसोम’ म्हणतात. आपल्या पेशींचे पापुद्रे ज्या स्निग्ध पदार्थांचे बनलेले असतात, त्याच पदार्थांचे हे फुगे. पोटात पाणी आणि भोवती पातळ पापुद्रा. औषध भरायला याहून सोयीची कुपी कोणती? जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयात आणि हिब्रू विद्यापीठात येहेझकेल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गाबिझोन यांनी १९८०च्या दशकात डॉक्सोरुबिसिन अशा फुग्यांत भरून रुग्णांना देऊन पाहिले. निष्कर्ष निराशाजनक होता. फुगे गाठीकडे जाण्याऐवजी यकृतात जाऊन बसत होते.

पाण्याचा अंगरखा

यावर तोडगा सापडला तो एका साध्यासुध्या पदार्थात. पॉलिएथिलिन ग्लायकॉल हे त्याचे लांबलचक नाव. शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात ‘पेग’ म्हणतात. बद्धकोष्ठावर जी बिनचवीची पूड पाण्यातून घ्यायला देतात किंवा मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीआधी पोट साफ करण्यासाठी जे द्रावण पाजतात, त्यात बहुधा हाच पदार्थ असतो. त्याला पाण्याची विलक्षण ओढ असते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात फ्रँक डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात प्रथिनांना पेगच्या साखळ्या जोडल्या, तेव्हा ती प्रथिने रक्तात जास्त वेळ टिकू लागली.

हीच युक्ती फुग्यांना लागू करण्यात आली. पापुद्र्यातील स्निग्ध रेणूंपैकी साधारण शेकडा पाच रेणूंच्या टोकाला पेगची साखळी जोडायची. मग या साखळ्या गवताच्या पात्यांसारख्या बाहेर डोलत राहतात आणि आपल्याभोवती पाणी धरून ठेवतात. कणाला जणू पाण्याचा अंगरखा चढतो. चिकटू पाहणाऱ्या प्रथिनांना पाय रोवायला जागा मिळत नाही. भक्षक पेशींना कण लवकर ओळखू येत नाही.

साधे डॉक्सोरुबिसिन शिरेतून दिले की काही मिनिटांतच रक्तातून निघून सगळ्या अवयवांत पसरते. हा अंगरखा घातलेले औषध मात्र दोन-तीन दिवस आणि त्याहूनही अधिक काळ रक्तात फिरत राहते. या काळात गाठीतल्या फटींतून कण आत झिरपण्याची संधी वारंवार मिळते. १९९५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधाला ‘डॉक्सिल’ या नावाने मान्यता दिली. एड्सच्या रुग्णांना होणाऱ्या कापोसी सार्कोमा या कर्करोगासाठी ती होती. नॅनो कणांवर आधारलेले कर्करोगाचे ते पहिले मान्यताप्राप्त औषध मानले जाते. पुढे १९९९ साली अंडाशयाच्या कर्करोगासाठीही ते मान्य झाले.

कण तयार होतो तरी कसा?

हे सारे ऐकताना काहीतरी जादूचे यंत्र असेल असे वाटते. प्रत्यक्षात या कृतीतला प्रत्येक टप्पा समजण्यासारखा आहे.

प्रथम स्निग्ध द्रव्ये, कोलेस्टेरॉल आणि पेग जोडलेले रेणू अल्कोहोलमध्ये विरघळवतात. ते मिश्रण अमोनियम सल्फेटच्या पाण्यात मिसळले की स्निग्ध रेणू आपोआप एकमेकांना बिलगतात आणि फुगे तयार होतात. पण ते लहानमोठे असतात. म्हणून सारे द्रावण दाब देऊन अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून पुन्हा पुन्हा ढकलले जाते. शेव पाडताना साच्याचे भोक जेवढे, तेवढीच शेवेची जाडी. तसे इथेही छिद्राच्या मापाने फुग्यांचे माप ठरते.

आता फुग्यांच्या बाहेरचे अमोनियम सल्फेट काढून टाकायचे आणि आतले तसेच ठेवायचे. मग द्रावण गरम करून त्यात औषध घालायचे. फुग्याच्या आतून अमोनिया वायू हळूहळू बाहेर निसटतो आणि आत आम्लता वाढते. औषधाचा रेणू पापुद्र्यातून आत शिरतो, आम्लामुळे त्याच्यावर विद्युतभार येतो आणि सल्फेटबरोबर त्याचा साका बसतो. भार आलेल्या रेणूला स्निग्ध पापुद्रा ओलांडता येत नाही. उंदराच्या पिंजऱ्यासारखाच हा प्रकार. आत जाता येते, बाहेर पडता येत नाही. या पद्धतीने नव्वद टक्क्यांहून अधिक औषध फुग्यांत कोंडले जाते. एकेका फुग्यात औषधाचे दहा-पंधरा हजार रेणू मावतात.

अंगरखा किती महत्त्वाचा, हे पाहायचे तर सोन्याच्या कणांचे उदाहरण घ्यावे. सोन्याचे क्षार असलेले फिकट पिवळे पाणी उकळत ठेवून त्यात सायट्रेट हा लिंबातील आम्लापासून मिळणारा क्षार घातला की काही मिनिटांत पाणी माणकासारखे लाल होते. ही रीत १९५१ सालापासून रूढ आहे. सोन्याचे सुमारे पंधरा-वीस नॅनोमीटरचे कण तयार झाले की असा रंग येतो. या लाल पाण्यात थोडे मीठ टाकले तर ते पाहता पाहता निळसर होते. कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे बनतात. आपले रक्त तर खारटच असते. म्हणजे उघडा कण शिरेत सोडण्याच्या लायकीचा नाही. पण आधी कणांना पेगची साखळी जोडली, तर मीठ टाकूनही पाणी लालच राहते. ही साखळी सोन्याला धरून राहावी म्हणून तिच्या टोकाला गंधकाचा अणू असतो. सोने आणि गंधक यांचे चांगले जुळते.

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी वाळूतील सिलिकाच्या कणावर सोन्याचा मुलामा चढवलेले कण तयार केले. हे कण विशिष्ट प्रकाशात तापतात आणि भोवतालची गाठ भाजून काढतात. २०१९ साली प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील त्यांच्या पहिल्या लहानशा चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही पद्धत मात्र रोजच्या उपचारांत आलेली नाही.

नंदुरबारचे वाणी आणि एरंडेलाची अडचण

या कथेतल्या दुसऱ्या औषधाशी एका मराठी मातीतल्या माणसाचे नाव जोडलेले आहे. मनसुख वाणी हे मूळचे नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले. नॉर्थ कॅरोलायनातील संस्थेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल हे द्रव्य वेगळे केले आणि १९७१ साली त्याची रचना जगापुढे मांडली. स्तनाच्या, अंडाशयाच्या, फुप्फुसाच्या कर्करोगावर हे औषध आज जगभर दिले जाते. वाणी यांचे २०२० साली निधन झाले.

पॅक्लिटॅक्सेलची अडचण अशी की ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलावर प्रक्रिया करून बनवलेल्या एका द्रावकात मिसळून द्यावे लागे. त्या द्रावकाने काही रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जी होते. त्यासाठी आधी स्टेरॉइडची औषधे द्यायची आणि मग तीन-तीन तास सलाइन चालवायचे.

इथेही पृष्ठभागच कामी आला. औषधाचे सूक्ष्म कण करून त्यांच्यावर अल्ब्युमिनचे वेष्टण चढवले गेले. अल्ब्युमिन हे आपल्याच रक्तातले प्रथिन, त्यामुळे एरंडेलाच्या द्रावकाची गरज उरली नाही. सुमारे १३० नॅनोमीटरच्या या कणांना २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. हे औषध अर्ध्या तासात देता येते. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ४५४ स्त्रियांवरील चाचणीत साध्या औषधाने १९ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आटल्या होत्या. नव्याने ३३ टक्के रुग्णांच्या आटल्या. मात्र हातापायांना तीव्र मुंग्या येणे, बधिरपणा हा त्रास नव्या औषधाने अधिक झाला.

किल्ली लावली, पण कुलूप उघडेना

अंगरखा जमला, तशी संशोधकांची उमेद वाढली. कर्करोगाच्या पेशींवर काही खुणा मुबलक असतात. त्या खुणांत नेमके बसणारे रेणू कणाच्या पृष्ठभागावर खोचायचे. फॉलिक आम्ल, प्रतिपिंडे, लहान प्रथिने अशा किल्ल्या लावल्या की कण आपले कुलूप शोधून काढील, असा हा विचार. प्रयोगशाळेच्या बशीत तो छान जमतो. उंदरांतही बरेचदा जमतो. माणसात मात्र तो अजून वारंवार फसला आहे.

२०१३ साली डब्लिनच्या संशोधकांनी एक कारण दाखवले. रक्तातील प्रथिने कणाभोवती गोळा होतात आणि खोचलेली किल्ली त्यांच्याखाली झाकली जाते. अमेरिकेतील एका कंपनीचे असे नेमबाज कण मोठा गाजावाजा करून मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले, पण निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे आले नाहीत आणि २०१६ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

त्याच वर्षी कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरच्या प्रयोगांचा हिशेब मांडला. शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचतात किती? मध्यम आकडा निघाला ०.७ टक्के. हजार कण पाठवले तर सातच मुक्कामी पोहोचले. याच गटाने २०२० साली दाखवले की बहुतेक कण गाठीत शिरतात ते फटींतून नव्हे, तर रक्तवाहिनीच्या पेशी त्यांना उचलून पलीकडे नेतात म्हणून. म्हणजे जी वाट गृहीत धरली होती, तिचाही फेरविचार करणे भाग पडले.

मग रुग्णाच्या पदरात काय पडले?

आता सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ५०९ स्त्रियांवर साधे डॉक्सोरुबिसिन आणि अंगरखा चढवलेले डॉक्सोरुबिसिन यांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. आयुष्य वाढले का? नाही. दोन्ही गटांत सरासरी आयुर्मर्यादा जवळजवळ सारखीच, म्हणजे २१ आणि २२ महिने होती. पण हृदयाला होणाऱ्या इजेचे प्रमाण साध्या औषधात सुमारे तिप्पट होते. साध्या औषधाने ६६ टक्के स्त्रियांचे केस गेले, तर नव्याने २० टक्क्यांचे. उलट तळहात-तळपाय लाल होऊन सोलणे हा त्रास साध्या औषधाने २ टक्के स्त्रियांना झाला, तर नव्याने ४८ टक्क्यांना. कण त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांतूनही झिरपतात, त्याचा हा परिणाम. हृदय वाचले, पण तळव्यांनी सोसले.

काही ठिकाणी आयुष्यही वाढले. ज्या कॅम्टोथेसिनचा शोध वॉल आणि वाणी यांनीच १९६६ साली एका चिनी झाडात लावला होता आणि जे आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही आढळते, त्यापासून इरिनोटेकॅन हे औषध बनते. ते फुग्यांत भरून स्वादुपिंडाच्या हटवादी कर्करोगात जुन्या औषधांच्या जोडीने दिले, तेव्हा रुग्ण सरासरी ४.२ ऐवजी ६.१ महिने जगले. त्याला २०१५ साली मान्यता मिळाली. दोन महिने कुणाला क्षुल्लक वाटतील. ज्या घरात मुलीचे लग्न ठरले आहे, त्या घराला विचारावे!

भारताच्या दृष्टीनेही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २०११ नंतर अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा २०१२ साली तिथल्या प्रशासनाने भारतीय सन फार्मा कंपनीचे अशाच प्रकारचे औषध तात्पुरते आयात करू दिले. २०१३ साली त्याच कंपनीच्या डॉक्सिलच्या प्रतिरूपाला रीतसर मान्यताही दिली.

घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे

आपल्या माणसाला असे औषध सुचवले गेले, तर पुढील गोष्टी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलाव्यात.

० साधे औषध आणि लिपोसोमल औषध एक नव्हे. दोघांची मात्रा वेगळी असते. नावे मात्र सारखी दिसतात. कागदावरचे नाव आणि बाटलीवरचे नाव पूर्ण वाचून, काही वेगळे वाटल्यास परिचारिकेला लगेच विचारावे.

० हे औषध कशासाठी निवडले, हृदय जपण्यासाठी की रोग अधिक आटोक्यात यावा म्हणून, हे स्पष्ट विचारावे. रुग्णाचे हृदय सुदृढ असेल आणि औषधाची आयुष्यातली मर्यादा दूर असेल, तर साधे, स्वस्त औषधही तितकेच योग्य ठरू शकते. दागिने मोडण्याआधी हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही.

० पहिल्या वेळी औषध सावकाश सोडतात. छातीत दाटणे, चेहरा लाल होणे, पाठ दुखणे असे काही झाले तर तत्काळ सांगावे.

० लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन घेतल्यानंतर आठवडाभर कढत पाण्याने आंघोळ, घट्ट चपला, भांडी घासणे, कपडे पिळणे टाळावे. तळव्यांवर लाली किंवा झोंबणे सुरू झाले तर पुढच्या खेपेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

० ‘नॅनो’ हा शब्द छापलेली प्रत्येक पुडी औषध नसते. कर्करोग मुळासकट बरा करणारे नॅनो चूर्ण, नॅनो सोने, नॅनो हळद यांच्या जाहिरातींना भुलू नये. वर वर्णन केलेली औषधे शेकडो रुग्णांवरील चाचण्यांतून गेलेली आहेत, त्यांच्या कणाचे माप आणि पृष्ठभाग दर खेपेला तपासला जातो आणि ती रुग्णालयात शिरेतूनच दिली जातात. पोस्टाने येणाऱ्या डबीत ती मिळत नाहीत. अशा डबीपायी उपचार लांबला, तर त्याची भरपाई कोणीच करू शकत नाही.

कणांचा अंगरखा अधिक चांगला कसा शिवावा, यासाठी प्रयोगशाळांत काम चालू आहे. काही जण पेगला पर्याय शोधत आहेत, कारण काहींच्या रक्तात त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात. काही जण तांबड्या पेशींचा पापुद्राच काढून कणावर चढवून पाहत आहेत. यातले काय यशस्वी होईल, ते रुग्णांवरील चाचण्याच ठरवतील. तोवर लाल औषधाच्या बाटलीकडे पाहताना एवढे कळले तरी पुरे की ते कुठल्या वेषात येते यावर आपल्या माणसाच्या हृदयाची, केसांची आणि तळव्यांची खुशाली बरीचशी अवलंबून आहे. आणि हे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.